पेस्ट टोमॅटोचं बूड काळं पडतंय? कॅल्शियम ओतण्याआधी हे तपासा

दर हंगामात पहिली फळं लिंबाएवढी झाली की, मी ज्यांना टोमॅटोचं बियाणं दिलेलं असतं त्यांच्याकडून तेच फोटो यायला लागतात. लांबट हिरवा टोमॅटो, त्याच्या खालच्या टोकाला काळा चट्टा. झाड तजेलदार, पानं हिरवीगार, आणि त्याच वाफ्यातल्या चेरी टोमॅटोला काहीही झालेलं नाही. प्रश्नही ठरलेला असतो: तुम्ही दिलेलं बियाणंच रोगट होतं का?

बहुतेक वेळा नाही. सान मार्झानो, अमिश पेस्ट, ओपालका यांसारख्या लांबट, गरदार पेस्ट (म्हणजे सॉससाठीच्या) सरळ वाणांचं हे नेहमीचं दुखणं आहे. सरळ म्हणजे संकरित नसलेली, ज्यांचं बी धरलं तर तेच वाण पुन्हा येतं. ब्लॉसम एंड रॉट म्हणतात त्याला. नावात ‘रॉट’ असलं तरी हे कुठल्या बुरशीमुळे किंवा जिवाणूमुळे होत नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम वेळेवर न पोचल्याने तिथल्या पेशी मरतात, एवढंच. जमिनीत कॅल्शियम भरपूर असतानाही हे होतं, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

लक्षणं

देठाच्या विरुद्ध टोकाला, जिथे फूल होतं तिथे, आधी पाण्याने भिजल्यासारखा फिकट डाग दिसतो. काही दिवसांत तो तपकिरी आणि मग काळा होतो. त्या जागी फळ चपटं होतं किंवा आत बसतं. नखाने दाबलं तर कोरडं, चिवट, चामड्यासारखं लागतं. वर काळी बुरशी आली तरी ती मागाहून आलेली असते, मेलेल्या भागावर.

फळ पूर्ण आकाराच्या तिसऱ्या हिश्शाएवढं ते अर्धं झालं की डाग दिसू लागतो. पहिल्या एक-दोन घोसांवर मारा सर्वांत जास्त. अशी फळं इतरांच्या आधी लाल होतात, त्यामुळे ‘पहिलं फळ पिकलं’ म्हणून कौतुकाने हात लावावा, तर खाली काळं.

एक प्रकार फसवा आहे. बाहेरून फळ स्वच्छ, पण कापल्यावर आत बुडाकडचा गर काळा. कारण तेच. लांबट वाणांची बाहेरून निर्दोष दिसणारी फळंही म्हणूनच कापून बघावीत.

आता जे हे दुखणं नाही, ते. डाग फळाच्या खांद्यावर, तेलकट तपकिरी असेल आणि पानांवरही तसेच पट्टे असतील, तर उशिराचा करपा. देठाजवळ वलयं असलेला काळा खड्डा म्हणजे लवकरचा करपा. पिकलेल्या फळावर कुठेही उठणारे गोल, बसके ठिपके हे अँथ्रॅक्नोजचे. उन्हाच्या बाजूला पांढरट, कागदासारखी साल झाली असेल तर उन्हाचा चटका. भोक आणि विष्ठा दिसली तर अळी. जमिनीला टेकलेल्या फळावर तपकिरी वलयं दिसली तर तीही वेगळी कूज. आपल्या दुखण्याची खूण एकच: नेमकं बूड, कोरडा चट्टा, आणि पानांवर काही नाही.

हे होतं कसं

तपासण्यांचा क्रम समजण्यापुरतं सांगतो. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर वर चढतं आणि हा रस्ता एकेरी आहे. एकदा पानात जाऊन बसलेलं कॅल्शियम तिथून निघून फळात येत नाही. पानांतून पाणी सतत उडतं म्हणून पानांकडे ओढ जास्त. फळाची साल मेणचट, तिला पर्णरंध्रं नाहीत, त्यामुळे फळातून पाणी जवळजवळ उडतच नाही. साहजिकच त्याच्या वाट्याला येणारं पाणी आणि कॅल्शियम दोन्ही थोडं. रात्री पानांची ओढ थांबते तेव्हा मुळांच्या दाबाने फळाला काही हिस्सा मिळतो, पण त्यासाठी मातीत ओल असावी लागते.

फळधारणेनंतरचे पहिले दोन आठवडे फळ झपाट्याने वाढतं. तेव्हा पाणी तुटलं की सर्वांत लांबचं टोक उपाशी राहतं. लांबट फळात देठापासून बुडापर्यंतचं अंतर जास्त आणि टोकाकडे पाणी वाहणाऱ्या नलिका विरळ. चेरी टोमॅटो छोटा, अंतरच नाही, म्हणून तो सहसा सुटतो.

आता तपासण्या, फुकटच्या आधी.

१. कोणाला झालंय ते बघा

पाच मिनिटं बागेत नुसतं फिरा. फक्त लांबट वाणांना, फक्त पहिल्या-दुसऱ्या घोसाला झालंय का? मग घाबरू नका. नव्या झाडाची मुळं अजून पसरलेली नाहीत, पाला मात्र जोरात वाढतोय, अशा वेळी हे होतंच. पुढचे घोस बऱ्याचदा आपोआप बरे येतात.

शेजारच्या चेरीलाही झालंय का? माझ्या मते अख्ख्या यादीतला सर्वांत उपयोगी प्रश्न हाच. ब्लॅक चेरी किंवा यलो पेअरसारख्या लहान फळाच्या वाणाचं बूडही काळं पडत असेल, तर पाण्याची साधी हयगय हे कारण पुरत नाही. क्षार, मुळं किंवा सामू (मातीचा आम्ल-विम्लपणा, pH) यांत काहीतरी मोठं बिघडलेलं असतं. मग दुसरी, तिसरी तपासणी झटपट उरका आणि चौथीपासून पुढे नीट वेळ द्या.

काळी पडलेली फळं काढून टाका. ती बरी होत नाहीत आणि झाडाचं पाणी खात राहतात. फळाचा उरलेला भाग बुरशी नसेल तर कापून लगेच खायला हरकत नाही. बरणीत भरून टिकवायच्या सॉससाठी मात्र अशी फळं घेऊ नका. त्यांची आम्लता कमी झालेली असू शकते, आणि टिकवण्याची सुरक्षितता तर आम्लतेवरच अवलंबून असते.

२. मातीत बोट घाला

दहापैकी आठ-नऊ तक्रारी इथेच मिटतात, म्हणून इथे जरा थांबू.

बोट दुसऱ्या पेरापर्यंत, म्हणजे पाचेक सेंटीमीटर खोल घाला. वरची माती ओली आणि खाली कोरडी ठणठणीत, हे फार वेळा सापडतं. रोज थोडं थोडं शिंपडणाऱ्यांकडे तर हमखास. पाणी वरच्या थरात मुरतं आणि उन्हाने उडतं, खोल मुळांपर्यंत जातच नाही. उलट टोकही आहे: आठवडाभर विसरायचं आणि मग एकदम पूर आणायचा. दोन्हीत झाड एक दिवस तुडुंब, चार दिवस कोरडं.

आपल्याला हवा तो वाफसा. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी गळू नये, आणि ही स्थिती आठवडाभर जवळपास सारखी राहावी. जमिनीतल्या झाडाला दोन-तीन दिवसांनी, पण खोल पाणी. एकदा पाणी दिल्यावर तासाभराने खुरप्याने बाजूला खड्डा करून ओल किती खोल गेली ते बघा. वीसेक सेंटीमीटर गेली असेल तर ठीक. अंदाजपंचे चालवण्यापेक्षा एकदा खणून बघितलेलं बरं, कारण भारी काळी माती आणि रेताड माती यांचा हिशोब पूर्ण वेगळा असतो.

जास्त पाण्यानेही हेच होतं, हे पुष्कळांना पटत नाही. पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, आणि गुदमरलेलं मूळ पाणी आणि कॅल्शियम दोन्ही ओढू शकत नाही. काळा चट्टा बघून लोक अजून पाणी ओततात आणि दुखणं वाढतं. माती चिकट, वास आंबूस, खालची पानं पिवळी, असं असेल तर पाणी वाढवू नका, निचरा करा.

दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच नळी हातात घेऊ नका. कडक उन्हात पाणी असूनही पानं मान टाकतात आणि संध्याकाळी सावरतात. सकाळीही मान पडलेली असेल तर खरी तहान. ठिबक असेल तर प्रत्येक ड्रिपरखाली वाटी ठेवून बघा. एक तोटी चोंदलेली असते आणि नेमकं त्याच झाडाचं बूड काळं असतं.

रोमासारखी बुटकी, मर्यादित वाढीची वाणं जवळजवळ एकाच वेळी लागतात. तिथे आठवडाभराचा ताण म्हणजे निम्मं पीक. उंच वाढणारं वाण पुढच्या घोसांत भरपाई करतं, रोमाला तेवढी संधी नसते. बाहेरगावी जायचं असेल तर आधी त्याची सोय लावा.

३. आच्छादन

पाचाट, वाळलेलं गवत, पालापाचोळा, काहीही चालेल. पाच ते आठ सेंटीमीटर जाड, खोडापासून चार बोटं दूर. माती ओली असताना घाला. कोरड्या मातीवर घातलेलं आच्छादन वरचं पाणीही अडवून धरतं. दुसऱ्या तपासणीतली चढ-उतार अर्ध्यावर येते, खर्च जवळजवळ शून्य.

४. कुंडी

कुंडीतल्या पेस्ट टोमॅटोला हे जमिनीतल्यापेक्षा फार जास्त होतं. उंच वाणाला वीस लिटरच्या खालची कुंडी देऊ नका, मोठी मिळाली तर उत्तम. फळांनी लगडलेलं झाड कडक उन्हात दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज पितं. लहान कुंडीत एवढं पाणी मावतच नाही, मग सकाळी भरलेली कुंडी दुपारी कोरडी. हंगामाच्या मध्यात कुंडी बदलून मुळं दुखावण्यापेक्षा दिवसातून दोनदा पाणी द्या आणि पुढच्या वेळी मोठी घ्या.

कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही, कडेने सरळ खाली उतरतं. तळातून पाणी आलं म्हणजे आत भिजलं असं समजू नका. कुंडी उचलून वजन बघा. हलकी लागली तर पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवा. कुंडीच्या कडेला पांढरा थर जमला असेल तर तो क्षारांचा आहे. एकदा साध्या पाण्याने, कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी खालून निघून जाईपर्यंत, धुऊन काढा.

५. काय काय घातलंत ते लिहून काढा

खतांच्या पिशव्या समोर ठेवा आणि गेल्या महिन्याभरात काय दिलं ते कागदावर लिहा. आठवणीतून सांगताना माणूस निम्मं विसरतो.

युरियासारखं अमोनियाकडे झुकणारं नत्र कॅल्शियमच्या शोषणात आडवं येतं, शिवाय पाला माजवतं. माजलेला पाला पाणी स्वतःकडे ओढतो. ताजं कोंबडीखत दोन्ही बाजूंनी त्रास देतं, अमोनियाही आणि क्षारही. पोटॅश अति झालं तरी तेच. फळं धरायला लागली की नत्र कमी करा. द्यायचंच असेल तर कॅल्शियम नायट्रेटच्या रूपात, पिशवीवरच्या प्रमाणात, ओल्या मातीत द्या.

एप्सम सॉल्टवर माझा विशेष राग आहे. टोमॅटोच्या प्रत्येक दुखण्यावर कोणीतरी ते सुचवतंच. ते मॅग्नेशियम सल्फेट आहे, त्यात कॅल्शियम अजिबात नाही, आणि जास्तीचं मॅग्नेशियम मुळाशी कॅल्शियमशीच स्पर्धा करतं. इथे ते घालणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

अंड्यांची टरफलं? मातीत कुजायला इतका काळ लागतो की या हंगामाला त्यांचा उपयोग नाही. पानांवर मारायचे कॅल्शियमचे फवारेही तसेच. पानातलं कॅल्शियम फळात जात नाही हे वर आलंच, आणि फळाच्या सालीतून फारसं आत शिरत नाही. कॅल्शियम क्लोराईड जास्त झालं तर पानं मात्र करपतात.

६. खुरपणी आठवा

तण काढताना खोडाजवळ खोल खुरपलं का? आधाराच्या काठ्या झाड मोठं झाल्यावर ठोकल्या का? टोमॅटोची बारीक मुळं वरच्या थरात पसरलेली असतात. ती तुटली की पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांतली फळं त्याची किंमत मोजतात. तण हाताने उपटा, काठ्या लावणीच्या वेळीच रोवा.

७. माती परीक्षण

इथून पुढे पैसे आणि वेळ लागतो. त्याआधी वरचं सगळं दुरुस्त करून किमान तीन आठवडे थांबा. आज दिसणारा डाग दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या ताणाचा असतो, त्यामुळे पाणी सुधारल्यावरही काही फळं काळी निघतच राहतात. या काळात लोक दर चार दिवसांनी नवा उपाय करतात, तिसरा-चौथा घोस आपोआप बरा येतो, आणि श्रेय शेवटच्या उपायाला मिळतं. टरफलांची कीर्ती बहुतेक अशीच पसरली असावी. बघायची ती आज धरलेली नवी फळं. त्यांच्या घोसाला दोरा बांधून ठेवा.

नवी फळंही काळी पडत असतील तर माती तपासून घ्या. अहवालात तीन गोष्टी बघा: सामू, विद्राव्य क्षार, उपलब्ध कॅल्शियम. टोमॅटोला ६.२ ते ६.८ सामू मानवतो. त्याखाली असेल तर चुना लागेल, पण चुन्याला काम करायला काही महिने लागतात, तो पुढच्या लावणीआधी दोन-तीन महिने मिसळायचा. सामू ठीक आणि कॅल्शियम कमी असेल तर जिप्सम, कारण त्याने सामू चढत नाही. सामू आधीच साडेसातच्या वर असताना चुना टाकणं निव्वळ नुकसान. परीक्षण न करता चुना टाकू नका, असं मी सगळ्यांना सांगतो ते याचसाठी.

विद्राव्य क्षार अहवालात विद्युतवाहकतेच्या रूपात दिलेले असतात. ती संपृक्त अर्कात, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्यात, २.५ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की टोमॅटोचं उत्पादन घटू लागतं. मातीत ओल असूनही खारट पाणी मुळांना ओढता येत नाही. अशा वेळी पाण्याचा नमुनाही तपासून घ्या. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी खारं असेल तर खतात कितीही फेरफार केले तरी भागणार नाही.

८. एक झाड उपटा

शेवटचा उपाय, कारण झाड जातं. सर्वांत वाईट झाड मुळांसकट हलकेच उकरून काढा आणि मुळं धुऊन बघा. मुळांवर माळेसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे मातीतले सूक्ष्म जंत. मुळं तपकिरी, साल हाताला निसटते, तर मूळकूज. खोड आडवं कापल्यावर आत तपकिरी कडं दिसलं तर मर रोग. या तिन्हींत बूड काळं पडणं हा केवळ वरवरचा परिणाम, आणि त्यावर कॅल्शियमचा काहीच इलाज नाही.

इथे थांबा आणि तज्ज्ञाला बोलवा

मुळांवर गाठी किंवा खोडात तपकिरी कडं सापडलं, तर स्वतः औषधं आणून ओतू नका. माती आणि पाण्याचे क्षार मर्यादेबाहेर असतील तरी तसंच. निचरा आणि जमीन-सुधारणा हे मोजून-मापून करायचं काम आहे. पानं चितकबरी, आखडलेली किंवा दोरीसारखी झाली, फळांवर पिवळे-तपकिरी धब्बे आले, किंवा पांढरी कडा असलेले बारीक ठिपके उठले, तर रोगनिदान प्रयोगशाळा गाठा आणि तोवर त्या झाडाला हात लावलेल्या कात्रीने दुसरं झाड कापू नका. पीक विक्रीसाठी असेल आणि दुसरा-तिसरा घोसही काळा येत असेल, तर तीन आठवडे वाट बघत बसण्यात अर्थ नाही, लगेच बोलवा.

नेताना नुसतं काळं फळ नेऊ नका. मुळांसकट झाड, मुळांजवळची मूठभर माती, बाटलीभर पाणी आणि तो खतांचा कागद. नुसत्या फळावरून तज्ज्ञही ‘कॅल्शियम कमी’ एवढंच सांगू शकतो.

मग बियाण्याचं काय

हा संसर्ग नसल्यामुळे तो बियाण्यातून पुढे जात नाही. त्याच झाडावरच्या चांगल्या, पूर्ण पिकलेल्या फळाचं बी निःशंकपणे धरा आणि वाटा. दुर्मीळ वाणाचं एकच फळ हाती असेल आणि तेही बुडाला काळं, तर वरच्या निरोगी भागातलं भरलेलं बी चालतं. गरासकट भांड्यात दोन-तीन दिवस आंबवा, धुवा, तरंगणारं फेका, सावलीत वाळवा. कोरड्या, थंड जागी ते चार-पाच वर्षं सहज टिकतं.

मात्र वाणाचा कल पुढे जातोच. सारख्याच पाण्यावर वाढलेल्या सहा झाडांपैकी एखादंच झाड कमी काळं पडत असेल तर बी त्याचं धरा. चितकबऱ्या पानांच्या किंवा ठिपकेदार फळांच्या झाडाचं बी कोणालाही देऊ नका, ते कितीही जुनं वाण असो. काही विषाणू आणि जिवाणू बियाण्याबरोबर प्रवास करतात, आणि आंबवल्याने ते हमखास जातात असं नाही. चेरीच्या बाबतीत आधी वाण सरळ आहे ना हे बघा. सनगोल्ड संकरित आहे, त्याचं बी धरलं तर तेच फळ येईल याची खात्री नाही.

पाकिटावर मी वाणाचं नाव आणि वर्ष यांच्याखाली एक ओळ जास्त लिहितो: ‘लांबट फळ, पहिल्या घोसाचं बूड काळं पडू शकतं. वीस लिटरची कुंडी, आच्छादन, पाणी तोडू नका.’ तेव्हापासून ‘बियाणं रोगट होतं का’ असं विचारणारे कमी झालेत.